व्हीएस कोड टीमचा ठरलेला एडिटर करावा का? मोठ्या कंपनीचं 'खुलं' साधन आणि आपण

झिरोमाईल (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्काजवळची १४ जणांची टीम. काम जावा (स्प्रिंग बूट) आणि पायथॉनचं, थोडं सी++. कोड लिहायला सध्या ज्याला जो एडिटर आवडेल तो तो वापरतो: ५ जण एक्लिप्सवर, ४ व्हीएस कोडवर, ३ इंटेलिजेवर, दोघं निओव्हिमवर. आता सगळ्यांनी व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरवर यावं असा विचार सुरू आहे. डीबगच्या (चुका शोधण्याच्या) सेटिंग एकसारख्या राहतील, फॉरमॅटिंगवरून रिव्ह्यूत होणारी भांडणं थांबतील आणि नवीन आलेला पोट्टा पहिल्याच दिवशी कामाला लागेल.

टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, सोर्स एमआयटी लायसन्सखाली आहे (कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा), चिंता कशाची? दुसरा म्हणतो, मालक मायक्रोसॉफ्ट आहे, उद्या दार लावून घेतलं तर आपण बाहेर. मशिन सगळ्या उबुंटूच्या, ६ मशिनमध्ये ८ जीबी रॅम, बाकीच्यांत १६. एका क्लायंटचा सर्व्हर अजून सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर आहे. जाणकारांनी सांगावं: घ्यावा का, आणि घेतला तर कशाला हात लावू नये?

बर्डीकर
घ्या. काहून एवढा विचार करून राहिले? २०१५ पासून आहे, फुकट आहे, नियमित नवी आवृत्ती येते.

सेमिकोलन
बर्डीकर, फुकट आणि खुलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या धाग्याचा प्रश्न नेमका तोच आहे.

गिटहबवर (कोड ठेवायचं संकेतस्थळ) जो सोर्स आहे त्याचं नाव 'कोड ओएसएस'. तो एमआयटी लायसन्सखाली नोव्हेंबर २०१५ मध्ये खुला झाला. पण आपण संकेतस्थळावरून जी डेब फाईल (उबुंटूचं इन्स्टॉलर) उतरवतो ती त्या सोर्सवर प्रॉडक्ट-जेसन नावाची फाईल चढवून बनवलेली असते. त्या फाईलमध्ये मार्केटप्लेसचा (एक्स्टेन्शन, म्हणजे जोडसाधनं, मिळण्याच्या बाजाराचा) पत्ता, टेलिमेट्रीच्या (वापराची माहिती कंपनीला पाठवण्याच्या) चाव्या, नाव आणि चिन्ह असतं. तयार बायनरीचं (थेट चालणाऱ्या प्रोग्रामचं) लायसन्स मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं आहे, एमआयटी नाही. मार्केटप्लेसच्या अटींत तर स्पष्ट लिहिलंय की तिथली एक्स्टेन्शन मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ परिवारातल्या साधनांतच वापरायची.

म्हणजे इंजिन खुलं आहे, पण बाजाराची किल्ली कंपनीकडे. 'मायक्रोसॉफ्ट वाईट की चांगली' यावर वाद घालण्यापेक्षा कोणता भाग कोणाच्या हातात आहे याची यादी करा. निम्मा वाद तिथेच मिटेल.

तर्रीवाला
सोपा उपाय आहे. व्हीएसकोडियम (थोडक्यात कोडियम) घ्या. तोच सोर्स, टेलिमेट्री आणि मायक्रोसॉफ्टचं चिन्ह काढून बांधलेला. एक्स्टेन्शन कमी दिसली तर प्रॉडक्ट-जेसनमध्ये गॅलरीचा पत्ता बदलून मायक्रोसॉफ्टचा टाका, सगळं मिळतं.

सेमिकोलन
तर्रीवाला, पहिलं वाक्य बरोबर, शेवटचं नको. पत्ता बदलला तर चालतं, पण मार्केटप्लेसच्या अटी मोडल्या जातात. घरच्या मशिनवर कोणी काय करतं ते त्याचं त्यानं बघावं. इथे १४ जणांचं ऑफिस आहे, क्लायंटचा करार आहे. असा जुगाड ऑफिसच्या सेटअप स्क्रिप्टमध्ये घालू नका.

कंसातली_ताई
सेमिकोलन म्हणतात ती यादी मांडते. झिरोमाईल यांच्या तीन भाषांपुरतीच.

जावाचं सगळ्यात बरं आहे. रेड हॅटचं जावा एक्स्टेन्शन आतून एक्लिप्सच्याच जेडीटी या जावा तपासणाऱ्या इंजिनवर चालतं, म्हणजे तुमच्या पाच एक्लिप्सवाल्यांना चुकांच्या लाल रेघा त्याच ठिकाणी दिसतील. ते ओपन व्हीएसएक्स या खुल्या भांडारात आहे, डीबगरही आहे. कोडियमवर गेलात तरी जावावाल्यांचं फार अडणार नाही.

पायथॉनमध्ये फसगत होते. मुख्य पायथॉन एक्स्टेन्शन खुलं आहे, पण त्यासोबत येणारं पायलान्स (सुचवण्या आणि तपासणी करणारं) बंदिस्त आहे आणि फक्त मायक्रोसॉफ्टच्या बांधणीत चालतं. लोकांना वाटतं पायथॉनचं सगळंच खुलं, आणि कोडियमवर गेल्यावर ऑटो-इम्पोर्ट नाहीसं झालं की गोंधळ उडतो. पायलान्सच्या पोटातला टाइप तपासणारा भाग म्हणजे पायराइट, तो एमआयटीखाली आहे. त्याच्यावर बेतलेलं बेस्डपायराइट बसवा, पायलान्समधल्या बऱ्याच सोयी त्यात भरून काढल्यात. मात्र त्याची मूळ तपासणी कडक आहे. जुन्या कोडवर पहिल्याच दिवशी शेकडो इशारे येतील. टाइप-चेकिंग-मोड 'बेसिक'वर ठेवून सुरुवात करा, नाहीतर लोक दुसऱ्या दिवशी ते काढूनच टाकतील.

सी++ हा खरा धोक्याचा कोपरा. मायक्रोसॉफ्टच्या सी/सी++ एक्स्टेन्शनच्या लायसन्समध्ये अट आधीपासूनच होती, पण एप्रिल २०२५ मध्ये ती अमलात आली आणि कर्सरसारख्या व्हीएस कोडवर बेतलेल्या एडिटरांत ते चालेनासं झालं. अट वर्षानुवर्षं झोपलेली असते आणि एक दिवस जागी होते, ते असं. त्याऐवजी सी++ च्या सुचवण्या देणारं, एलएलव्हीएम या खुल्या कंपायलर प्रकल्पाचं क्लँगडी आणि डीबगसाठी कोडएलएलडीबी. क्लँगडीला कंपाइल-कमांड्सची जेसन फाईल (कोणती फाईल कशी कंपाइल होते याची यादी) लागते. सीमेक असेल तर एक्सपोर्ट-कंपाइल-कमांड्स हा पर्याय 'ऑन' करा, साधी मेकफाईल असेल तर 'बेअर' या साधनातून मेक चालवा. ही फाईल नसेल तर क्लँगडी प्रत्येक इन्क्लूडखाली लाल रेघ मारतं आणि लोक म्हणतात, 'खुलं साधन बेकार आहे'. साधन बेकार नसतं, त्याला हेडर कुठे आहेत हेच कोणी सांगितलेलं नसतं.

रिमोट-एसएसएच (दूरच्या सर्व्हरवरचा कोड आपल्या एडिटरात उघडणारं), डेव्ह कंटेनर्स (कंटेनरमधल्या तयार सेटअपमध्ये काम करू देणारं), लाइव्ह शेअर (एकाच कोडवर दोघांना मिळून काम करू देणारं) ही तिन्ही एक्स्टेन्शनही बंदिस्त. पहिल्याला ओपन रिमोट एसएसएच हा पर्याय आहे. डेव्ह कंटेनरचं स्पेसिफिकेशन आणि कमांडलाइन साधन खुलं आहे, फक्त एडिटरमधलं एक्स्टेन्शन नाही. लाइव्ह शेअरला तितक्या तोडीचं काही नाही.

बर्डीकर
ताई, एवढं सगळं बदलण्यात १४ जणांचा आठवडा जाईल. क्लायंट त्याचे पैसे देणार नाही. मायक्रोसॉफ्टची बांधणी ठेवा, टेलिमेट्री बंद करा, कामाला लागा. बाजारात ज्याला माणसं मिळतात ते साधन घ्यावं. नव्या पोराला आधीच येतं ते वापरू द्या.

अंबाझरी
बर्डीकर यांचा मुद्दा खर्चाचा आहे आणि तो खरा आहे. पण मागे काय झालं तेही पाहावं.

आयबीएमने २००१ च्या नोव्हेंबरमध्ये एक्लिप्सचा कोड खुला केला. किंमत चार कोटी डॉलर सांगितली होती. तेव्हाही लोक हेच विचारत होते की प्रतिस्पर्धी कंपनीचं साधन आपण का उचलायचं? २००४ मध्ये एक्लिप्स फाउंडेशन वेगळं झालं, प्रकल्प एका कंपनीच्या हातून निघाला, आणि मग आयबीएमचे स्पर्धकही त्यात उतरले. झिरोमाईल यांच्याकडे आज पाच जण ते वापरतात.

आता ॲटम बघा. गिटहबचा एडिटर, तोही एमआयटीखाली. व्हीएस कोड ज्या इलेक्ट्रॉनवर (वेब तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवायचा सांगाडा) उभा आहे ते ॲटमसाठीच बनलं होतं. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब घेतलं आणि १५ डिसेंबर २०२२ ला ॲटमचं भांडार कायमचं बंद झालं. लायसन्स खुलं असूनही. कोड कोणी हिरावला नाही, पण पगारी माणसं उठून गेली की तो कोड सांभाळणार कोण?

लायसन्स सांगतं आज काय करता येईल. उद्या काय होईल ते निर्णय घेणाऱ्यांवर ठरतं. व्हीएस कोडमागे फाउंडेशन नाही, आणि माझ्या मते हीच त्याची सगळ्यात मोठी उणीव आहे.

नागनदी
अंबाझरी, फाउंडेशन म्हणजे रामबाण नाही. ओपन व्हीएसएक्स एक्लिप्स फाउंडेशनच चालवतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्लासवर्म नावाचा किडा तिथल्याच एक्स्टेन्शनमधून पसरला, कोडमध्ये डोळ्यांना न दिसणारी युनिकोड अक्षरं पेरून. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टच्या मार्केटप्लेसमध्येही तो सापडला, म्हणजे कुंपण कोणाचंच पक्कं नाही.

हे नीट समजून घ्या: एक्स्टेन्शनला पिंजरा नसतो. तुमच्या युझरला जे जे करता येतं ते सगळं त्याला करता येतं. एसएसएचच्या (सर्व्हरवर शिरायच्या) किल्ल्या वाचणं, टोकन उचलणं, नेटवर्कवर पाठवणं. वर्कस्पेस ट्रस्ट आहे, पण तो अनोळखी फोल्डर उघडताना उपयोगी. तुम्ही स्वतःच बसवलेल्या एक्स्टेन्शनपासून तो वाचवत नाही. म्हणून ऑटो-अपडेट बंद, आणि 'एक्स्टेन्शन्स अलाऊड' या सेटिंगमध्ये परवानगीची यादी. ही सेटिंग १.९६ आवृत्तीपासून आहे. त्यात प्रकाशकाचं नाव किंवा एकेक एक्स्टेन्शन आवृत्तीसकट बांधता येतं.

संत्रासोल
अवांतर आहे, पण न दिसणाऱ्या अक्षरांचा विषय निघाला म्हणून. मराठी मजकूर असलेल्या फाईलमध्ये व्हीएस कोड काही शब्दांभोवती चौकट दाखवतो. 'दुसर्‍या', 'वार्‍यावर' असे शब्द. कारण हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, र + हलन्त + झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह). दोन, ऱ + हलन्त. झेडडब्ल्यूजे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एडिटर इशारा देतो.

चिडून सगळा युनिकोड हायलाइट बंद करणारे आहेत. ते करू नका, ग्लासवर्मसारख्या प्रकारात तोच इशारा कामाला येतो. 'अलाऊड कॅरेक्टर्स' या सेटिंगमध्ये फक्त झेडडब्ल्यूजे टाका. त्याहून चांगलं म्हणजे टायपिंगच सुधारा. इनस्क्रिप्टमध्ये र ज्या कळीवर आहे तीच शिफ्टसकट दाबली की ऱ उमटतो.

नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही हा. दोन्ही रूपं पडद्यावर सारखी दिसतात, पण शोधात जुळत नाहीत. युनिकोड नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याच्या पद्धतीने) एक होत नाहीत. भाषांतराच्या फाईलमध्ये शोधायचं नाव (की) एका रूपात आणि कोडमध्ये दुसऱ्या रूपात असली की मजकूर रिकामा येतो, आणि दोन तास नुसतं पडद्याकडे बघत बसावं लागतं.

तर्रीवाला
वाखुसा (वाचनखूण साठवली)! हे तर वेगळ्या धाग्याच्या लायकीचं आहे.

प्रयोगवही
कॉलेजच्या लॅबसाठीही हाच प्रश्न आहे, म्हणून थोडं त्या बाजूने.

लॅबमध्ये इंटरनेट प्रॉक्सीमागे असतं. ६० मशिनवर एकेक एक्स्टेन्शन नेटवरून बसवणं शक्य नाही. झिप किंवा टारची आवृत्ती घ्या, सोडवलेल्या फोल्डरमध्ये 'डेटा' नावाचं रिकामं फोल्डर करा. आता सेटिंग आणि एक्स्टेन्शन सगळं त्या 'डेटा'तच राहतं. एका मशिनवर नीट बसवून तेच फोल्डर बाकीच्यांवर टाका. एक्स्टेन्शन व्हीएसआयएक्स फाईलमधून (एक्स्टेन्शनचं उतरवून ठेवता येणारं पाकीट) बसवताना चूक होते ती प्लॅटफॉर्मची. विंडोजवर बसून फाईल उतरवली आणि लिनक्सच्या मशिनवर बसवली की जावासारखं प्लॅटफॉर्मनुसार वेगळं असणारं एक्स्टेन्शन अर्धवट उठतं. फाईलच्या नावात 'लिनक्स-एक्स६४' आहे का ते बघूनच घ्या.

पण पहिल्या वर्षाच्या सी प्रॅक्टिकलला हे काहीच देऊ नये, असं ठाम मत आहे. जीनी किंवा केट द्या आणि टर्मिनलमध्ये जीसीसी (कंपायलर) लिहायला लावा. हिरवं बटण दाबून प्रोग्राम चालवणाऱ्या मुलाला कंपाइल आणि लिंक यांतला फरक तिसऱ्या वर्षीही सांगता येत नाही. मग 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आलं की तो हेडर शोधत बसतो, चूक असते लिंकरला लायब्ररी न दिल्याची.

झिरोमाईल
सगळ्यांचे आभार, चर्चा फारच उपयोगी चालली आहे. दोन गोष्टी राहिल्या: ८ जीबीच्या मशिन आणि तो सेंटओएस ७ चा सर्व्हर.

मिहानकर
सेंटओएस ७ वर जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.१७ आहे. व्हीएस कोडच्या १.९९ आवृत्तीपासून (मार्च २०२५) रिमोट सर्व्हरला किमान २.२८ लागते. तिथे रिमोट-एसएसएच थेट चालणार नाही. सर्व्हरवर एलडीडी कमांडला आवृत्ती विचारून खात्री करा. ओपन रिमोट एसएसएचलाही समोरच्या मशिनवर सर्व्हर उतरवावाच लागतो, तेव्हा आधी तिथेही हेच तपासा.

मार्ग तीन. एडिटर १.९८ वर गोठवणं, पण मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही गोठतात. एसएसएचएफएसने फोल्डर माउंट करणं, पण पूर्ण प्रकल्पात शोध लावला की ते रडतं, कारण प्रत्येक फाईल नेटवर्कवरून येते. तिसरा मार्ग म्हणजे कोड आपल्याच मशिनवर ठेवून गिटने किंवा आरसिंकने वर ढकलणं, आणि डीबगसाठी जेव्हीएमचा डीबग पोर्ट एसएसएच टनेलमधून जोडणं. जावा असेल तर तिसरा मार्गच घ्या. आणि क्लायंटला सांगा की सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला आहे. हे एडिटरच्या वादापेक्षा जास्त तातडीचं आहे.

८ जीबीबद्दल: एडिटर स्वतः फार खात नाही, लँग्वेज सर्व्हर (भाषा समजून सुचवण्या देणारे मागचे प्रोग्राम) खातात. जावाच्या सर्व्हरला व्हीएमआर्ग्ज सेटिंगमधून एक्सएमएक्स (मेमरीची कमाल मर्यादा) १ जीबीवर बांधा. मोठ्या प्रकल्पात १ जीबी कमी पडली तर सुचवण्या उशिरा येतात आणि सीपीयू सतत गार्बेज कलेक्शनमध्ये अडकतो, मग दीड करा. टाइपस्क्रिप्ट असेल तर त्याच्या सर्व्हरची मूळ मर्यादा ३०७२ एमबी आहे, ती खाली आणा. एका वेळी एकच खिडकी उघडी ठेवा, कारण प्रत्येक खिडकीला वेगळा एक्स्टेन्शन होस्ट लागतो. 'फाईल वॉचर'च्या वगळण्यात टार्गेट, बिल्ड, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ही फोल्डरं घाला. जुन्या कर्नलवर इनोटिफायची (फाईलींतले बदल टिपणाऱ्या सोयीची) मर्यादा ८१९२ असते आणि 'एनोस्पेस' म्हणजे 'जागा नाही' अशी चूक येते. लोक डिस्क भरली समजून फाईली उडवायला लागतात. मॅक्स-युझर-वॉचेस ५२४२८८ करा. ५.११ पासूनचे कर्नल रॅम बघून ही मर्यादा स्वतः ठरवतात.

नागनदी
मिहानकर, सुरेख. एक भर: टेलिमेट्री-लेव्हल 'ऑफ' केल्याने एडिटरची टेलिमेट्री बंद होते. एक्स्टेन्शनने ती सेटिंग पाळणं अपेक्षित असतं, सक्ती नसते. त्यामुळे क्लायंटच्या कोडबाबत करार कडक असेल तर फायरवॉलवर बाहेर काय जातंय ते आठवडाभर बघा. आणि कोपायलट या एआय सहायकाचं चॅट एक्स्टेन्शन जून २०२५ मध्ये एमआयटीखाली खुलं झालं, म्हणून कोड बाहेर जात नाही असं समजू नका. खुला झाला तो पडद्यावरचा भाग. मॉडेल दूरच्या सर्व्हरवरच आहे, आणि प्रश्नासोबत तुमच्या फाईलचा तुकडा तिथे जातो.

बर्डीकर
मग सरळ विचारतो. एवढे धोके सांगता, तर इंटेलिजे किंवा निओव्हिम सक्तीचं करायचं का?

कंसातली_ताई
बर्डीकर, कुठलाच एडिटर सक्तीचा करू नये, हेच माझं म्हणणं. मूळ प्रश्नाकडे येऊया. झिरोमाईल यांना तीन गोष्टी हव्यात: एकसारखं फॉरमॅटिंग, एकसारखं डीबग, नव्या माणसाची लवकर सुरुवात. यातली एकही एडिटरच्या पोटात ठेवायची गरज नाही.

फॉरमॅटिंग बिल्डमध्ये टाका. जावाला मेव्हन किंवा ग्रेडलमध्ये स्पॉटलेस, पायथॉनला रफ, सी++ ला क्लँग-फॉरमॅट. सीआयमध्ये (नवा कोड आला की आपोआप होणाऱ्या बिल्डमध्ये) तपासणी ठेवा. चुकलेलं फॉरमॅटिंग असेल तर बिल्ड लाल, माणसाशी भांडण नाही. इंडेंट आणि ओळीचा शेवट एडिटर-कॉन्फिगच्या फाईलमध्ये. इंटेलिजेला आणि निओव्हिमच्या ०.९ नंतरच्या आवृत्त्यांना ती आपोआप कळते, व्हीएस कोडला आणि एक्लिप्सला छोटं एक्स्टेन्शन लागतं.

लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि लँग्वेज सर्व्हर यांची बोलायची ठरलेली पद्धत) मायक्रोसॉफ्टनेच २०१६ मध्ये खुला केला, आणि माझ्या मते त्या कंपनीने आपल्या प्रोग्रामरांच्या व्यवसायाला दिलेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. क्लँगडी, बेस्डपायराइट, जेडीटी हे तिन्ही सर्व्हर निओव्हिममध्येही तसेच चालतात. तेव्हा सर्व्हर ठरवा, एडिटर नाही.

एक कसोटी लावा. नव्या मशिनवर रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या कोडचं भांडार) क्लोन करा, कुठलाच एडिटर न उघडता टर्मिनलमधून बिल्ड, टेस्ट आणि चालवणं जमतं का बघा. जमलं तर व्हीएस कोड खुशाल घ्या, उद्या मायक्रोसॉफ्टने काहीही केलं तरी एका दुपारचं काम. जमलं नाही, व्हीएस कोडच्या टास्क-जेसन फाईलमध्येच बिल्डची खरी पायरी लपलेली निघाली, तर तुम्ही आधीच अडकलेले आहात. मग लायसन्स एमआयटी असो की आणखी काही.

अंबाझरी
पूर्ण सहमत. टेराफॉर्मच्या (सर्व्हर उभारायचं साधन) वेळी हेच दिसलं. ऑगस्ट २०२३ मध्ये लायसन्स बदललं, त्याच्या जुन्या खुल्या कोडवरून ओपनटोफू उभं राहिलं. ज्यांच्या फाईली साध्या होत्या त्यांना बायनरी बदलणं पुरलं, ज्यांनी सगळं कंपनीच्या क्लाउड सेवेत गुंतवलं होतं त्यांना जड गेलं.

बर्डीकर
कसोटी पटली. एक्स्टेन्शन मोजत बसण्यापेक्षा हे बरं. तरी सी++ वाल्यांनी क्लँगडीवर जावं यालाही आता माझं अनुमोदन. एप्रिल २०२५ चं माहीत नव्हतं.

झिरोमाईल
ठरवतो ते असं. पुढच्या सोमवारी तिन्ही रिपॉझिटरीवर ताईंची कसोटी. स्पॉटलेस आणि रफ बिल्डमध्ये. रिपॉझिटरीत एक्स्टेन्शनची शिफारस-फाईल ठेवायची, तीत फक्त ओपन व्हीएसएक्सवर मिळतात तीच. व्हीएस कोड की कोडियम हे ज्याचं त्यानं ठरवावं, निओव्हिमच्या दोघांना कोणी हात लावणार नाही. अपडेट दोन आठवडे उशिरा. सेंटओएसबद्दल क्लायंटला आजच मेल.

कोडियमवर जाताना जुनी सेटिंग आपोआप येतात का?

तर्रीवाला
नाही. कोडियमची सेटिंग होम फोल्डरातल्या डॉट-कॉन्फिगमध्ये 'व्हीएसकोडियम' नावाने असतात आणि एक्स्टेन्शन डॉट-व्हीएसकोड-ओएसएसमध्ये. सेटिंग, कीबाइंडिंग आणि स्निपेट या फाईली कॉपी करा. एक्स्टेन्शनचं फोल्डर मात्र उचलून टाकू नका, बंदिस्त एक्स्टेन्शन त्यातून येतात आणि अर्धवट चालतात. कोड कमांडला लिस्ट-एक्स्टेन्शन्स देऊन यादी फाईलमध्ये घ्या, मग कोडियम कमांडने एकेक बसवा. जे सापडणार नाही त्याचं नाव पडद्यावर येईल, तीच तुमची अडकलेल्या गोष्टींची यादी. सेटिंग्ज सिंक कोडियममध्ये नाही, फाईली गिटमध्ये ठेवा.

कंसातली_ताई
सी++ च्या रिपॉझिटरीत एक लक्षात ठेवा: क्लँगडी ती कंपाइल-कमांड्सची फाईल सोर्सच्या वरच्या फोल्डरांत आणि त्यांतल्या 'बिल्ड' नावाच्या फोल्डरात शोधतं. तुमचं फोल्डर 'आउट' किंवा 'बिल्ड-डीबग' असेल तर मुळाशी त्या फाईलची सिमलिंक (तिकडे वाट दाखवणारी जोडणी) द्या, नाहीतर सोमवारी पुन्हा लाल रेघा.